फार्मसीची मुलाखत : कोणी कोणाची घ्यायची?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर सोयाबीन आहे, वीजबिल आहे आणि सर्वांत खाली 'फार्मसी प्रवेश' असा एक विषय आहे. तो वाचून काही जुने कार्यकर्ते हसले. शेतकऱ्यांच्या बैठकीत हे कुठून आलं? ते तुमच्याच घरातून आलं. निकालाचे दिवस आले की आम्ही ज्या गावी जातो तिथं मालाच्या भावाची चर्चा संपते, लोक उठतात आणि कोणीतरी आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, पोराला फार्मसीला टाकायचं म्हणतोय. मुलाखतीला बोलावलंय. तिथं काय काय विचारतात?"

एकाने विचारलं असतं तर तिथंच सांगून मोकळे झालो असतो. पण गावोगाव तोच प्रश्न येऊ लागला, म्हणून तो आज मंडपात घेतला.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या राज्यात बी.फार्म.च्या किंवा डी.फार्म.च्या प्रवेशाला मुलाखत नसते. बी.फार्म.ला सीईटीचे गुण लागतात. त्याची प्रवेश प्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष करतो. डी.फार्म.ला बारावी विज्ञानाचे गुण धरतात, ती प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय करतं. गुणांवरून यादी लागते, पोरगं आपली पसंती भरतं, यादीप्रमाणे जागा मिळते. या सगळ्यात खुर्चीवर बसून पोराला नाव-गाव विचारणारा साहेब कुठंच नाही.

मग मुलाखतीला बोलावतो कोण?

पेरणीच्या तोंडावर बिनपावतीचं बियाणं विकणारा जसा बरोबर वेळ साधून बांधावर येतो, तसाच हाही येतो. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. आपला नंबर यांना कोण देतं, देव जाणे. "तुमच्या मुलाची निवड मुलाखतीसाठी झाली आहे, वडिलांना घेऊन या, मूळ कागदपत्रं आणा, थोडी रक्कम बरोबर असू द्या." अशा मुलाखतीला जाऊन आलेल्या दहा-बारा घरांशी आम्ही बोललो. पोराला विचारतात, नाव काय, मार्क किती. तिसरा प्रश्न वडिलांना असतो : जमीन किती? बागायत की जिरायत? झाली मुलाखत! पुढं जे चालतं ते बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून चालतं तसं. फरक इतकाच, की बाजारात बैल तरी डोळ्यांसमोर उभा असतो.

हे बेकायदा आहे. देणगी घेऊन प्रवेश देण्याला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ सालापासून आहे. २०१५ साली खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि फी यांचं नियमन करणारा दुसरा कायदा झाला. त्याखाली प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण अशी दोन कार्यालयं बसली. आता महाविद्यालयवाले म्हणतील, आमच्याकडे संस्था पातळीवरच्या जागा आहेत, त्या आम्ही भरतो. आहेत, खरं आहे. पण त्याही गुणवत्तेनंच भरायच्या आहेत. त्यांची जाहिरात द्यावी लागते, यादी लावावी लागते. बापाचा सातबारा बघून भरायच्या नाहीत.

त्या जागेचा दुसरा तोटा फोनवरचा माणूस कधीच सांगत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला : कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतला, तर माफी नाही. म्हणजे ज्या मुलीची शिकवणी फी शून्य झाली असती, तिचा बाप 'मुलाखती'ला जाऊन, वर रोख मोजून, ती माफी स्वतःच्या हाताने घालवून येतो. याला सौदा म्हणायचं की लूट, तुम्हीच ठरवा.

आता कोणी म्हणेल, साहेब, जागा संपल्या तर? पोराचं वर्ष वाया गेलं तर? ही भीतीच तर त्यांचं भांडवल आहे. म्हणून बाजाराची स्थिती सांगतो. भारतीय औषधनिर्माण परिषदेने २०१९ साली ठरवलं होतं की फार्मसीची महाविद्यालयं फार झाली, पाच वर्षं नवीन नको. संस्था कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येणार नाही. बंदी उठली आणि नव्या महाविद्यालयांची रीघ लागली. जागा वाढल्या, पोरं तेवढी नाहीत, दर वर्षी जागा रिकाम्या राहू लागल्या. आपला माल पडून असतो तेव्हा व्यापारी कसा निवांत पाय पसरून बसतो, ते आपण जन्मभर बघत आलो. इथं माल त्यांचा पडून आहे आणि गिऱ्हाईक आपण आहोत. आयुष्यात एकदा गिऱ्हाईक व्हायची वेळ आली, तर तिथंही आपणच हात जोडून उभे!

घाई करायला लावण्याचं अजून एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत परिषदेच्या मान्यता उशिरा आल्या आणि फार्मसीच्या फेऱ्या इंजिनिअरिंगच्या मागून, पार दिवाळीच्या आसपासपर्यंत लांबल्या. या मधल्या रिकाम्या महिन्यांत आईबापाचा जीव टांगणीला लागतो, आणि नेमका तेव्हाच फोन येतो. फेरी लांबली म्हणजे जागा गेली असं नसतं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळते.

तर मुलाखत द्यायची नाही. पण मुलाखत हा प्रकारच वाईट, असं आमचं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये फार्मसीची पदवी चार वर्षांची आणि वर एक वर्ष प्रशिक्षण. तिथली महाविद्यालयं प्रवेशाआधी पोरांना समोर बसवून बोलतात. अमेरिकेत आधी किमान दोन वर्षं कॉलेज आणि मग साधारण चार वर्षांचा फार्म.डी., तिथंही अशी मुलाखत घेतात. काही ठिकाणी छोट्या छोट्या टेबलांवरून फिरवतात. प्रत्येक टेबलावर एक अडचण मांडलेली असते आणि काही मिनिटांत सांगायचं, तू काय करशील. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ही पद्धत डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी काढली, ती पुढं फार्मसीपर्यंत आली. तिथं सातबारा विचारत नाहीत. हा धंदा तुला का हवा, गिऱ्हाईक चिडलं तर काय करशील, चुकीची चिठ्ठी आली तर देशील का, असलं विचारतात. विष आणि औषध एकाच कपाटात ठेवणाऱ्या माणसाला हे विचारायलाच पाहिजे.

आपल्याकडे हे कोणी विचारत नाही. म्हणून ते घरात विचारा. अर्ज भरायच्या आधी एक संध्याकाळ पोराला किंवा पोरीला ओसरीवर बसवा. टीव्ही बंद करा. आजीला बसवा, ती चांगले प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न साधा : फार्मसीच का? शंभरातले नव्वद सांगतील, "मेडिकल टाकायचं." वाईट उत्तर नाही. पण मग पुढचं विचारा : तुझ्या मेडिकलात आणि किराणा दुकानात फरक काय? १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. का? पोराला सांगता आलं नाही तरी चालेल, विचार तरी करू दे.

आम्ही शेतकीचे पदवीधर आहोत, औषधशास्त्राचे नाही. पण कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण आम्हाला समजतो, आणि फार्मासिस्टचं काम आमच्या कामाच्या बांधाला बांध लागून आहे. म्हणून आमच्या शेतातले तीन प्रश्न देतो.

फवारणीचा हंगाम आहे. दुपारी एक मजूर तुझ्या दुकानात येतो. घाम सुटलाय, तोंडाला लाळ आहे, उलटी झाली आहे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात. म्हणतो, उलटीची गोळी दे, पिकावर परत जायचंय. काय करशील? जो पोरगा गोळी कापून देईल, त्याला अजून शिकायचं आहे. ही ऑर्गॅनोफॉस्फरस विषाची लक्षणं आहेत. हे विष तोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही जातं. त्याचे भिजलेले कपडे काढायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचं, डब्यावरचं लेबल बरोबर द्यायचं आणि गाडी करून थेट दवाखान्यात पाठवायचं. डॉक्टरकडे ॲट्रोपीन असतं, दुकानदाराच्या गोळीत नसतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसं मेली. त्या वेळी किती जण आधी जवळच्या दुकानावर गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दुसरा प्रश्न. गावातले एक दादा येतात, तुझ्या वडिलांच्या वयाचे. बैल लंगडतोय, माणसाचं दुखण्याचं इंजेक्शन दे, डायक्लोफिनॅकचं, चार बाटल्या दे म्हणतात. चिठ्ठी नाही. नाही म्हटलं तर वडिलांशी बोलणं बंद होईल. काय करशील? जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ साली बंद झालं, कारण ते टोचलेलं जनावर मेलं की त्याच्या मासावर बसलेली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत. आपल्या लहानपणी गावाबाहेर गिधाडं असायची, आता पोरांना चित्रात दाखवावी लागतात. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ साली ती बाटली तीन मिलीची करायला लावली. हे पोराला माहीत असेलच असं नाही. बघायचं ते इतकंच, की ओळखीच्या माणसाला 'नाही' कसं म्हणतो. तोंड फिरवून, की समजावून? जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवतो का?

तिसरा प्रश्न रोजचाच. म्हातारी येते, मुठीत तीस रुपये. चिठ्ठीवर पाच दिवसांचं अँटिबायोटिक आहे. म्हणते, दोनच गोळ्या दे, बरं वाटलं की बास. आपण तणनाशक अर्ध्या मात्रेने मारलं की काय होतं? मरायचं ते तण मरत नाही, उरलेलं दांडगं होतं. जंतूंचंही तसंच आहे. म्हणून तर काही अँटिबायोटिकं २०१४ पासून 'एच-वन' या यादीत घातली. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या वहीत नोंद करायची आणि वही तीन वर्षं जपायची. पण मुठीत तीसच रुपये आहेत, त्याचं काय? याला पुस्तकात उत्तर नाही. डॉक्टरला फोन करून स्वस्तातलं दुसरं नाव विचारता येतं, उधारीची वही ठेवता येते. पोरगं इथं घुटमळलं तर रागावू नका. जो घुटमळतो तो विचार करतोय.

आणि एक प्रश्न पोराला नाही, बापाला. कागद मिळाल्यावर तो भिंतीला टांगून भाड्याने द्यायचा, वर्षाला काही हजार सुटतात, असा बेत तर मनात नाही ना? हा धंदा चालतो, सगळ्यांना माहीत आहे. कागद एकाचा, दुकानात बसतो दुसराच. ज्या दिवशी त्या दुकानातून चुकीचं औषध जाईल, त्या दिवशी चौकशी ज्याचं नाव भिंतीवर आहे त्याची होईल. कोऱ्या स्टॅम्पवर सही करून देण्यासारखं आहे हे.

मुलगी असेल तर हाच कार्यक्रम तिच्यासाठीही करायचा. पोराला फार्मसी आणि पोरीला "बघू काहीतरी", असं वाटप आम्ही पुष्कळ घरांत पाहिलं. तिचे मार्क जास्त असतात, फी तिची माफ असते आणि खर्च मात्र भावावर होतो. हिशेब तरी नीट करा!

घरातली मुलाखत झाली की आता आपण महाविद्यालयाची मुलाखत घ्यायची. जमीन विकत घेताना आपण काय करतो? कडेला उभं राहून हिरवं दिसलं म्हणून घेत नाही. खड्डा काढतो, माती चिमटीत घेतो, विहिरीत डोकावतो, शेजाऱ्याला विचारतो. इथं तर पैसा जमिनीइतकाच जाणार, आणि पोराची दोन-चार वर्षं वर.

साध्या कामाच्या दिवशी जा, आगाऊ कळवू नका. ज्या दिवशी तपासणी असते त्या दिवशी मास्तर पुष्कळ असतात. प्रयोगशाळेत जाऊन नळ सोडून बघा, पाणी येतं का. गोळ्या करण्याच्या यंत्रावर आलं तेव्हाचं प्लास्टिक अजून असेल, तर समजून घ्या. ग्रंथालयात पुस्तकांवर धूळ किती आहे ते बोट फिरवून बघता येतं, त्याला पदवी लागत नाही. प्राचार्यांना विचारा : यंदाची परिषदेची मान्यता आहे का, किती जागांची? नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती? वसतिगृह, गणवेश, 'विकास' या नावाखाली वर किती? प्रत्येक रुपयाची पावती मिळेल का? डी.फार्म.ला दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, ते कोणत्या दवाखान्यात किंवा दुकानात करून घेता, की नुसता शिक्का मारून देता? २०२२ साली डी.फार्म.साठी एक्झिट परीक्षेचे नियम निघाले, तिची तयारी इथं कोण करून घेतं? बाहेर आलात की फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसा आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना चहा पाजा. गेल्या वर्षीची पोरं आज कुठं आहेत, काय पगार घेतात, ते प्राचार्यांपेक्षा तिथं खरं कळतं.

जो प्राचार्य हे प्रश्न ऐकून खूष होतो, त्याच्याकडे पोरगं ठेवायला हरकत नाही. असे आहेत, आम्हाला भेटले आहेत. जो चिडतो, त्याचे आभार मानून एसटी पकडा.

मूळ कागद कुठंही ठेवून यायचे नाहीत. तपासायचे आणि परत द्यायचे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. कागद अडकला की पोरगं अडकतं. दावणीला बांधल्यासारखंच.

खर्चाचा हिशेब कापसाचा काढता तसाच काढा. समजा, सगळं धरून वर्षाला सव्वा लाख जातात. चार वर्षांचे पाच लाख झाले. व्याज धरा. पोराची चार वर्षांची मजुरी धरा, ती आपण आपल्या पिकात कधी धरत नाही, इथं तरी धरा. मग गावातल्या आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये नोकराला आज काय मिळतं ते विचारा आणि किती वर्षांत फिटतं ते बघा. नाही फिटत असं दिसलं तर डी.फार्म. करून, चांगले मार्क पडले तर थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे, तिचा विचार करा. अल्पभूधारकांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. फीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे आणि दर वर्षी भरायचे. एकदा भरून विसरायचं नाही.

कागदांचं थोडक्यात. खरी परीक्षा तपासणीच्या खिडकीवर असते आणि तिथं पोरं हुशारीने नाही, दाखल्याने नापास होतात. जात वैधतेचा अर्ज पोरगं अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका. त्याला महिने लागतात, फेरी थांबत नाही. नॉन-क्रिमिलेअरला ३१ मार्चची मुदत असते, तारीख बघून घ्या. त्या दाखल्यासाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. केंद्राचा १९९३ चा नियम आहे, जमीनधारणेची अट वेगळी. काही कारकून सगळं एकत्र करून दाखला नाकारतात, तिथं भांडा. आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

आणि पसंतीचा अर्ज स्वतः भरा. नेट कॅफेवाल्याने किंवा एजंटने भरला आणि पासवर्ड त्याच्याकडे राहिला, तर पहिल्या नंबरावर त्याचं महाविद्यालय बसतं. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती कायम होते, पुढच्या फेरीत बदलून मिळत नाही. म्हणून एक नंबरला तेच लिहा, जिथं तुम्ही स्वतः नळ सोडून बघितला आहे.

आता जेवणाची सुट्टी आहे. ज्यांच्या घरात यंदा बारावी विज्ञान आहे, त्यांनी जेवून मंडपाच्या मागच्या बाजूला थांबावं. आपले कार्यकर्ते तिथं दाखल्यांची यादी घेऊन बसतील. ज्यांना 'मुलाखती'चा फोन आला आहे त्यांनी तो नंबर आणि तारीख लिहून द्यावी. पंधरा-वीस जमले, की सगळे मिळून एकाच दिवशी त्या मुलाखतीला जाऊ.